वाचकांचे प्रश्न : लाकडी नंदी, खार आणि चोवीस पानं

तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी मिरवायचा विदर्भातला सण, जवळ आला की मुलांसाठी लिहिणाऱ्यांची पत्रं वाढतात. यंदा बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : ज्यांचं एकमेकांशी जमण्याचं काही कारण नाही अशा दोन पात्रांचं विनोदी चित्रपुस्तक कसं करायचं? त्यातले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण बाकीच्या अडचणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : माझ्या गोष्टीत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणि एक खार आहे. दोघांचं भांडण होतं, मग आजी त्यांना एकीचं बळ समजावते, दोघं मैत्री करतात आणि मिळून तोरणापर्यंत पोचतात. वर्गात वाचून दाखवली तेव्हा मुलं शांत बसली, पण एकदाही हसली नाहीत. कुठे चुकतं आहे? (शिक्षिका, महाल, नागपूर)

उत्तर : तुमची जोडी उत्तम आहे, ती बदलू नका. अडचण आजीची आहे. ती आली की गोष्ट सुटते, आणि पात्रांना करायला काही उरत नाही. शिवाय तुमच्या मसुद्यात नंदी खारीशिवायही तोरणापर्यंत पोचू शकला असता. मग मैत्री झाली काय आणि न झाली काय, मुलांना फरक पडत नाही. एकाशिवाय दुसऱ्याचं अडलं पाहिजे, आणि ते चित्रात दिसलं पाहिजे.

त्यासाठी आधी दोघांच्या शरीराकडे बघा. नंदी जड आहे, त्याला चाकं आहेत, उतारावर तो सुटतो. पण त्याला स्वतःहून निघता येत नाही, वळता येत नाही, थांबता येत नाही. खार चपळ आहे, तिला पंजे आणि दात आहेत, पण वजन नाही. याच उणिवांमधून विनोदही काढायचा आणि सुटकाही.

दुसरं म्हणजे दोघांना वेगवेगळं काही हवं असू द्या. नंदीला तोरणाखालच्या रांगेत उभं राहायचं आहे. खारीला तोरणात अडकवलेलं मक्याचं कणीस हवं आहे, पण गल्लीच्या मधोमध मांजर बसली आहे. म्हणजे खारीला मैत्री नको आहे, कणीस हवं आहे. मुलांना हे कारण लगेच पटतं. ‘मिळून राहावं’ म्हणून कोणी मिळून राहत नाही, हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं.

आता चोवीस पानांत मांडणी. पान १ वर नाव, पानं २-३ वर श्रेयनामावली आणि अर्पणपत्रिका. ४-५ पासून २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या मिळतात, आणि शेवटचं २४वं पान एकटं. तुमची गोष्ट अशी बसते :

४-५ : नंदीची दोरी तुटली आहे. तो ओट्यावर एकटा, बाकीचे नंदी पोरांसोबत पुढे गेलेत.
६-७ : भिंतीवरून खारीला दूरवरचं कणीस दिसतं. आणि मांजरही.
८-९ : खार दोरी दातांत धरून ओढते. जोर लावते, डोळे मिटते.
१०-११ : दोरी आणि खार गल्लीत. नंदी ओट्यावर, होता तिथेच.
१२-१३ : खार मागून ढकलते. ओट्याच्या उतारावरून नंदी सुटतो, खार मागेच राहते.
१४-१५ : नंदी थेट झेंडूच्या टोपलीत.
१६-१७ : भांडण. इथे निवेदन नको, फक्त दोघांचं बोलणं.
१८-१९ : रागाने पाय आपटताना खारीच्या पायाखालची काडी नंदीच्या उजव्या चाकात अडकते आणि उतारावर सरकणारा नंदी उजवीकडे वळतो. या पानावर शब्द नको, फार तर एक ‘अरे!’
२०-२१ : खार नंदीच्या पाठीवर. उतारावर कधी उजव्या चाकात काडी, कधी डाव्या. मांजर उडी मारून भिंतीवर.
२२-२३ : तोरण.
२४ : नंदी रांगेत. तोरणातलं कणीस गायब.

सुटका कुठून आली ते पाहा : भांडणातून. कोणी उपदेश केला नाही, कोणी माफी मागितली नाही. दोघांनी मिळून काहीतरी शोधलं आणि ते वापरलं. मैत्री झाली असं वाक्य कुठेच लिहायचं नाही. शेवटच्या पानावर ‘दोघे मिळून केलं की सगळं जमतं’ हे लिहिण्याचा मोह होईल. कृपया टाळा. ते वाक्य आलं की वर्गातली मुलं धडा संपल्यासारखी सावरून बसतात.

एक तांत्रिक गोष्ट नक्की तपासा. उजवं चाक अडलं आणि डावं फिरत राहिलं तर नंदी उजवीकडे वळतो, हे खरं आहे; पण चाकं आसावर सुटी फिरत असतील तरच. दोन्ही चाकं आसालाच घट्ट बसवलेली असतील तर एक अडल्यावर दुसरंही थांबतं. म्हणून चित्रात प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर स्वतंत्र दाखवा, आणि घरातल्या नंदीवर काडी लावून एकदा करून पाहा. पुस्तक वाचल्यावर मुलं हा प्रयोग करणारच आहेत. तो फसला तर पुस्तकावरचा विश्वास जातो.

प्रश्न : मजकूर विनोदी करण्यासाठी यमक आणि गमतीदार विशेषणं भरपूर वापरली, तरी हसू येत नाही. चित्रपुस्तकातला विनोद नेमका असतो कुठे? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : बहुतेक वेळा शब्द आणि चित्र यांच्या मधल्या फटीत. वरच्याच गोष्टीचं उदाहरण घेऊ. मजकूर म्हणतो, ‘खार अजिबात घाबरली नव्हती.’ चित्रात खारीची शेपटी ब्रशसारखी फुललेली आणि चारही पंजे नंदीच्या शिंगाला घट्ट आवळलेले. जे मूल अजून वाचू शकत नाही त्याला मोठ्यांच्या आधी खरं कळलेलं असतं, आणि त्याचाच त्याला आनंद होतो. मजकुराने ‘खार खूप खूप घाबरली’ म्हटलं असतं तर चित्राला सांगायला काही उरलं नसतं. म्हणून मसुदा झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे विचारा : हे चित्रात दिसतंय का? दिसत असेल तर वाक्य काढून टाका. विशेषणं तर बहुतेक सगळीच जातील.

दुसरी जागा म्हणजे पान उलटणं. फजिती त्याच उघड्या पानावर दाखवू नका. ८-९ वर खार जोर लावते, वाक्य अर्धं सोडा : ‘खारीने ओढलं, ओढलं, आणि...’ पान उलटल्यावर फक्त दोरी हातात. ज्या पानावर प्रश्न, त्याच पानावर उत्तर दिलंत तर मुलाची नजर आधी उत्तरावर जाते आणि गंमत फुकट जाते.

तिसरं, पुनरावृत्ती. एकच ओळ तीनदा एकाच्या तोंडी, चौथ्यांदा दुसऱ्याच्या. नंदीने प्रत्येक फजितीनंतर ‘मी तर इथेच आहे’ म्हणावं, आणि शेवटच्या पानावर तेच खारीने म्हणावं. दुसऱ्या वाचनापासून मुलं ती ओळ तुमच्या आधी म्हणू लागतात. अट एकच, ओळ शब्दशः तीच हवी. ‘मी इथंच तर आहे’, ‘इथेच आहे मी’ असे बदल मोठ्यांना चालतात, मुलांना नाही.

नंदीचा चेहरा लाकडी आहे, हे तर तुमचं मोठं धन. तो टोपलीत पडो, मांजरीवर चालून जावो की तोरणाखाली उभा राहो, सगळ्या पानांवर चेहरा तोच ठेवा. भाव दाखवायचे ते त्याच्या तिरकेपणातून : पुढे झुकलेला, एका चाकावर कललेला, शिंगाला झेंडू अडकलेला. आणि सगळे हावभाव खारीकडे द्या. दोघंही डोळे वटारू लागले की चित्र गोंगाटी होतं आणि कोणाकडे बघायचं ते कळत नाही.

यमकाबद्दल : मोठ्याने वाचताना अडखळायला होत असेल तर गद्य ठेवा. आवाजाचे शब्द मात्र हवेतच. ‘खडखड’, ‘घर्रर्र’, ‘धप्’ असे शब्द मुलं स्वतः करतात, आणि वाचणाऱ्याला तेवढा श्वास मिळतो.

प्रश्न : पात्रांच्या तोंडी आपली वऱ्हाडी-नागपुरी बोली द्यावी का? शाळा पुस्तक नाकारतील अशी भीती वाटते. (हिंगणा रोड, नागपूर)

उत्तर : द्या. फक्त निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि बोली संवादांपुरती. १६-१७ वरचं भांडण पाहा :

‘वळ ना गा!’
‘मले वळता येत नाही.’
‘मंग मुंडी तं हालव!’
‘मुंडी लाकडाची हाय.’

हे प्रमाण मराठीत लिहिलं तर अर्थ राहील, ठसका जाईल. पण किती बोली लिहायची याचा नियम आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. आमचा सल्ला असा : ‘मले, तुले’, ‘हाय’, ‘काऊन’, ‘तं’, ‘करून राहिली’ ही रूपं घ्या, पण ‘पोळा’चं ‘पोया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ असं उच्चाराप्रमाणे लिहू नका. बोलताना तसं म्हणणारं मूलही नुकतंच वाचायला शिकत असताना त्या अक्षरांवर अडतं, आणि पुण्या-कोकणातलं मूल तर शब्दच ओळखत नाही. मोठ्याने वाचणारी आई किंवा शिक्षक हवा तसा उच्चार करतीलच. ‘बे’ हा शब्द बरोबरीच्या मित्रांत सर्रास चालतो, पण शाळेच्या पुस्तकात ‘गा’ने काम भागतं. आणि कृपा करून बोली फक्त बावळट पात्राला देऊ नका. दोघंही बोलोत, नाहीतर कुणीच नको.

प्रश्न : मी लिहिते, माझा मित्र चित्रं काढतो. कोणी कोणाला किती सांगायचं? कागदावर करार हवा का? (लेखिका, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : मजकूर देताना चित्राच्या सूचना फक्त तिथे लिहा जिथे शब्दांवरून चित्र कळणारच नाही. उदाहरणार्थ : ‘[मजकूर खोटं बोलतो, खार घाबरलेली आहे]’ किंवा ‘[काडी उजव्या पुढच्या चाकात]’. नंदीच्या पाठीवरची झूल कोणत्या रंगाची, आकाशात ढग किती, हे चित्रकारावर सोडा. दहा जोड्यांसाठी अशा सूचना पाच-सहाच्या वर जात असतील तर मजकुरात काहीतरी कमी आहे किंवा तुम्ही चित्रकाराच्या खुर्चीत बसला आहात.

रंगकामाआधी कच्ची वही करा. ए-फोर आकाराचे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की चोवीस पानं होतात. त्यात पेन्सिलीने खडबडीत आकृत्या आणि कापून चिकटवलेला मजकूर. ही वही हातात घेऊन पानं उलटल्याशिवाय गती कळत नाही. पडद्यावर ओळीने चित्रं बघून ती कळतच नाही. चुका इथे सापडतात : मध्यशिवणीत गेलेला चेहरा, उजवीकडे धावणारा नंदी पुढच्या पानावर डावीकडे तोंड करून (मुलांना तो परत चालल्यासारखा वाटतो), खारीच्या पाठीवरचे पट्टे एका पानावर तीन आणि दुसऱ्यावर पाच. कोणते पट्टे घ्यायचे ते एकदा ठरवा आणि पात्रांचा एक नमुना-कागद करून भिंतीवर लावा : दोघांची उंची शेजारी-शेजारी, समोरून, बाजूने, मागून.

अजून एक, नागपूरकरांकडून हमखास होणारं. तान्ह्या पोळ्याच्या बाजारात पिकलेल्या संत्र्यांचे ढीग काढू नका. हा सण श्रावण अमावस्येच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पिकणाऱ्या आंबिया बहाराची संत्री तेव्हा झाडावर हिरवी असतात. झेंडू, मका, केळी काढा.

करार हवाच, मित्र असला तरी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मजकुराचा हक्क तुमचा आणि चित्रांचा तुमच्या मित्राचा, ज्याच्या-त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं. प्रकाशकाला हक्क देताना ते लेखी आणि सहीनिशी हवं, आणि त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मानधन हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारत. मूळ चित्रांचे कागद कोणाकडे राहणार, दुसऱ्या भाषेत पुस्तक गेलं तर चित्रांचे पैसे कसे, आणि नंदी-खारीचं दुसरं पुस्तक कोणी एकट्याने करायचं की नाही, या तीन ओळी बहुतेक जण विसरतात. भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

प्रश्न : पाचशे प्रती स्वतः छापायच्या आहेत, पोळ्याच्या आधी. कागद, आकार, रंग याबद्दल काय सांगाल? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : आकार आधी ठरवा, चित्रं नंतर. २० × ३० इंचाच्या कागदातून सव्वासात × साडेनऊ इंचाचं पान वाया न जाता निघतं, आडवं किंवा उभं. चौरस पान देखणं दिसतं, पण त्याच कागदात पट्ट्या फुकट जातात आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता. मध्ये पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत हवीत. पाचशेच्या आत डिजिटल छपाई परवडते, हजाराकडे गेलात की ऑफसेट (धातूच्या प्लेट करून होणारी छपाई); पाचशेला दोन्हींचे दर मागवा.

आतला कागद १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे न चमकणारा, आर्ट पेपर. त्याहून पातळ घेतला तर मागचं चित्र पुढे झिरपलेलं दिसतं. चकचकीत आर्ट पेपर वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चमकतो आणि मागच्या रांगेतल्या मुलांना चित्र दिसत नाही. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. आता पावसाळ्याचा मुद्दा. पोळ्यासाठी छपाई जुलै-ऑगस्टमध्ये होते. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. आतली उघडी बाजू हवेतला ओलावा ओढून फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. उपाय तीन : कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर ठेवायला सांगा, छपाईनंतर शाई पूर्ण वाळल्यावरच लॅमिनेशन करा, आणि बांधलेले गठ्ठे दोन दिवस वजनाखाली सपाट ठेवा. घाईत ओल्या शाईवर फिल्म चढवली तर ती महिन्याभरात कडेने सुटते.

रंगांत सगळ्यात जास्त निराशा करतो तो केशरी. पडद्यावरचा झगझगीत झेंडू आरजीबीतला (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला) असतो, छपाईच्या चार शाईंत तो उतरत नाही. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये (याच चार शाईंच्या पद्धतीत) करा आणि केशरीत निळी शाई शून्य ठेवा, कारण थोडीही मिसळली की रंग मातकट होतो. पिवळी १००, किरमिजी ५०च्या आसपास ठेवून नमुना छापून घ्या. अक्षरं फक्त काळ्या शाईत. चारही शाईंतून काळं केलं तर जरा हललेल्या छपाईत अक्षरांना रंगीत सावली येते. चित्रं छपाईच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची, आणि मजकूर कापायच्या कडेपासून किमान १० मिमी आत.

अक्षरजोडणी युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या प्रणालीत नेला की मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मोफत परवान्याचे देवनागरी फॉन्ट मुलांच्या पुस्तकाला चांगले शोभतात. स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी २० ते २२ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांवर चढतात. अंतिम पीडीएफमध्ये ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘पोट्टे’, ‘धप्’ हे शब्द शोधून डोळ्यांनी बघा. मोडतात ते हेच.

पाचशे प्रतींआधी एक पूर्ण शिवलेली, कापलेली प्रत हातात घ्या आणि पाच-सहा मुलांना वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं ‘हो’ म्हणतात. कुठल्या पानावर नजर खिडकीबाहेर गेली, कुठे कोणी स्वतःहून पान उलटलं, ते पेन्सिलीने टिपा. मग पुस्तक मुलांच्या हातात देऊन मजकूर झाकून गोष्ट सांगायला लावा. काडीने नंदी वळला हे त्यांना चित्रावरून सांगता आलं नाही तर १८-१९ पुन्हा काढावं लागेल.

प्रश्न : आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्यावा का? खर्च किती? (वाचक, कामठी)

उत्तर : दुकानात, ग्रंथालयात किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी ऑनलाइन अर्जावर विनामूल्य देते. स्वतः प्रकाशित करणाऱ्यांनाही मिळतो. अर्ज छपाईच्या बराच आधी करा, कारण क्रमांक श्रेयपानावर आणि बारकोड मागच्या मुखपृष्ठावर जायचा असतो. कागदी पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. आणि पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवणं १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकावर बंधनकारक आहे. पाचशेंतल्या या चार प्रती हिशेबात आधीच धरा.